पाऊस पिकाच्या वयाशी जुळवून बघा: सोयाबीन-हरभऱ्यासाठी ओल आणि उन्हाचा हिशेब

२०२३ साली देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. आकडा ऐकून कुणी म्हणेल, सहा टक्क्यांनी असं काय बिघडतंय? पण त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. देशभरात त्या एका महिन्यात ३६ टक्के तूट पडली आणि मराठवाड्यात सोयाबीन नेमकं फुलात होतं. सप्टेंबरात पाऊस परतला, बेरीज बरीचशी सावरली, शेंगा मात्र भरल्या नाहीत. २०२५ ला उलटा प्रकार. देशात १०८ टक्के पाऊस, आणि सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, सोलापूर या पट्ट्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं. एकदा पावसावाचून गेलं, एकदा पावसानं नेलं.

म्हणून 'यंदा किती टक्के पाऊस' या प्रश्नावर चावडीवर तासभर बोलता येतं, शेतात त्याचा उपयोग फारसा नाही. शेतात विचारायचा प्रश्न असा: पाऊस आला किंवा ओढ दिली तेव्हा माझं पीक किती दिवसांचं होतं, आणि माझ्या जमिनीत तेव्हा किती ओल शिल्लक होती? या प्रश्नाचं उत्तर काढायला एक पर्जन्यमापक, एक कमाल-किमान तापमापी, एक फावडं आणि शंभर पानी वही पुरते. सोयाबीन आणि त्यामागे हरभरा किंवा गहू हा आपल्याकडचा रुळलेला फेर धरून ती रीत इथे मांडतो आहे. तूर, कापूस आणि ज्वारीचं जिथे वेगळं पडतं तिथे तेवढं सांगेन.

आधी पाऊस स्वतःच्या शेतात मोजा

महसूल मंडळात हवामान केंद्र असतं आणि त्याचा आकडा शासनाच्या महारेन संकेतस्थळावर रोज बघायला मिळतो. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. सरकारी कामाला तोच आकडा चालतो, म्हणून तोही टिपून ठेवा. पण खरिपातला पाऊस रस्त्याच्या एका अंगाला पडतो आणि दुसऱ्या अंगाला धूळ उडते, हे कुणाला सांगायला नको. केंद्र चार कोसांवर असेल तर त्या आकड्यावर पिकाचा निर्णय घेता येत नाही.

कृषी सेवा केंद्रात खुणा असलेला प्लास्टिकचा पर्जन्यमापक मिळतो. तो नसेल तर बुडापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा कोणताही डबा चालतो. साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची, झालं. शीतपेयाची बाटली कापून करणार असाल तर तिच्या बुडाच्या खळग्या सपाटीपर्यंत पाण्याने भरून घ्या आणि तिथे शून्याची खूण करा. नाहीतर सुरुवातीचे मिलिमीटर त्या खळग्यांतच जातात. मापक झाडापासून आणि गोठ्यापासून, त्यांच्या उंचीच्या दुपटीएवढा तरी लांब हवा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तुम्हीही तीच वेळ धरा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी. मात्र अडीच मिलिमीटरच्या आतल्या पावसाचा दिवस हवामान खातंसुद्धा पावसाचा दिवस म्हणून मोजत नाही. वहीत तो लिहा, पण पिकाच्या खात्यावर धरू नका. ती भुरभुर पानावरच वाळते.

जमीन किती ओल धरते ते खणून बघा

हा भाग लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. एकाच गावात, एकाच दिवशी पेरलेलं, एकाच वाणाचं सोयाबीन एका शेतात आठ दिवसांच्या उघडिपीत माना टाकतं आणि शेजारच्या काळीत वीस दिवस तग धरतं. पाऊस दोघांना सारखाच होता.

उन्हाळ्यात शेतात तीन-चार ठिकाणी खड्डे घ्या आणि मुरूम किती खाली लागतो ते मोजा. नऊ इंच ते दीड फूट माती असेल तर ती जमीन पिकाच्या कामी येईल अशी साधारण ४० ते ६५ मिलिमीटर ओल धरते. माती तीन फुटांच्या आसपास असेल तर हाच साठा १४० ते १५० मिलिमीटरपर्यंत जातो. साठ्याच्या वर पडलेला पाऊस वाहून जातो किंवा खाली झिरपतो. म्हणजे हलक्या रानात एका रात्री १२० मिलिमीटर पडला काय आणि ६० पडला काय, पिकाच्या वाट्याला जवळपास सारखंच येतं. वरचं पाणी नाल्याला, सोबत तुमची माती.

शेताचा ढोबळ नकाशा काढून त्यावर हलकं, मध्यम, भारी असे तुकडे पाडा. पुढचा हिशेब तुकड्यागणिक वेगळा होणार आहे.

पेरणी: ओलीला ओल भिडू द्या

कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. यामागचं कारण साधं आहे. काळी जमीन मे महिन्यात भेगाळलेली आणि आतून तापलेली असते. पहिले तीस-चाळीस मिलिमीटर त्या भेगांत उतरतात, वरचा थर ओला दिसतो आणि मधे कोरडा पट्टा राहतो. बी उगवतं, मूळ त्या कोरड्या पट्ट्याला लागतं, वर ऊन पडतं आणि दुबार पेरणीची वेळ येते. म्हणून मापकात ७५ दिसल्यावरही फावड्याने खणून बघा. वीतभर खोलपर्यंत सलग ओल हवी आणि हातात घेतलेल्या मातीचा लाडू व्हायला हवा. त्यानंतर वापसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून माती औताला चिकटेनाशी होईपर्यंत थांबा.

२०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला, नेहमीपेक्षा कितीतरी आधी. मग महिनाअखेरीस जो थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. अशा वर्षी मे महिन्याचा पाऊस मशागतीसाठी वापरावा. पेरणीच्या ७५ मिलिमीटरमध्ये तो धरू नये. पेरणीआधी निदान पाच दिवसांचा अंदाज बघा. परभणीच्या कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान सल्ला निघतो, मेघदूत ॲपवरही जिल्ह्याचा सल्ला मिळतो. मोबाईलवर फिरणारे महिन्याभराचे तारीखवार अंदाज वाचून सोडून द्या.

उशीर किती परवडतो? सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येतं. आधी पेरण्याची घाई आणि नंतर पेरण्याची भीती, यांत घाई जास्त महाग पडते. एकराला तीस किलो बियाणं पुन्हा आणायचं म्हणजे काय ते हंगामात ज्याला आणावं लागतं त्यालाच कळतं. बी दीड-दोन इंचांपेक्षा खोल जाऊ देऊ नका आणि घरचं बी असेल तर उगवण ७० टक्क्यांच्या वर असल्याची खात्री गोणपाटावर करून घ्या.

पिकाच्या वयाचा तक्ता भिंतीवर लावा

समजा पेरणी २५ जूनला झाली आणि वाण शंभर दिवसांचा आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फुलं दिसू लागतात. १५ ते २५ ऑगस्टच्या सुमारास शेंगा लागतात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत किंवा थोडं पुढे दाणे भरत राहतात आणि ऑक्टोबर लागता लागता काढणी येते. पेरणी दहा दिवस पुढे गेली तर हे सगळं त्याहून थोडं कमीच पुढे सरकवा, कारण उशिरा पेरलेलं सोयाबीन दिवस लहान होत गेल्याने थोडं लवकर फुलतं.

पहिल्या महिन्यात ताण पडला तर पीक खुरटतं खरं, पण पाऊस आल्यावर बऱ्यापैकी सावरतं. उलट थोड्या ताणाने मुळं खोल जातात. फुलोऱ्यात ताण पडला तर फुलं गळतात. सोयाबीन पुन्हा थोडी फुलं काढतं, म्हणून तेही नुकसान काही अंशी भरून निघतं. शेंग धरल्यापासून दाणा भरेपर्यंत जो ताण पडतो त्याला मात्र दुरुस्ती नाही. शेंगा तेवढ्याच राहतात, आतला दाणा ज्वारीएवढा होतो. माझ्याकडे एकच पाणी द्यायची सोय असेल तर ते मी फुलांना न देता दाणा भरतानासाठी राखून ठेवेन, फक्त फुलांतली उघडीप फारच लांबली तर विचार बदलेन.

तुरीचं वेगळं. ती ऑगस्टचा ताण हसत सोसते. तिला दोन-तीन दिवस तुंबलेलं पाणी मारतं, आणि पुढे फुलांत असताना ढगाळ हवा नि धुई. कापसाला झड लागली की पातेगळ होते, म्हणजे कळ्या गळतात, आणि बोंडं फुटताना पाऊस आला की कापूस काळवंडतो.

ओलीचा जमाखर्च

हे बँकेच्या पासबुकासारखं लिहायचं. जमेला पाऊस, खर्चाला पीक आणि ऊन मिळून रोज ओढतात ते पाणी. शिल्लक कधीही जमिनीच्या साठ्यापेक्षा वर जात नाही.

खर्च किती धरायचा? खरिपात पानांनी रान झाकल्यावर ढगाळ दिवशी तीन, साध्या दिवशी चार आणि कडक ऊन-वारा असेल तर पाच ते सहा मिलिमीटर. ऑगस्टच्या उघडिपीत जमा थांबते तेव्हा आकाश मोकळं असल्याने खर्चही वाढतो. पावसाची तूट आणि उष्णता खरिपात एकाच वेळी येतात, त्यामुळे दहा दिवसांची उघडीप वाटते त्यापेक्षा कडक असते.

एक उदाहरण करून बघू. दीड फूट मातीचं मध्यम रान, साठा ६० मिलिमीटर. १४ ऑगस्टला चांगला पाऊस झाला, साठा भरला. १५ पासून ऊन. रोज पाच मिलिमीटर खर्च धरला तर १८ ला शिल्लक ४०, २० ला ३०. साठा निम्म्यावर आला की पीक ताणाला लागायला सुरुवात होते, भले दुपारी पानं अजून ताठ दिसोत. म्हणजे पाणी द्यायचं ते २० किंवा २१ तारखेला. पानं दुपारी उलटी होऊन पांढरी बाजू दाखवायला लागली की आपण मोटर चालू करतो. तेव्हा शिल्लक १५-२० वर आलेली असते आणि काही शेंगा आधीच गेलेल्या असतात. याच तारखांना तीन फूट काळीत १४० पैकी अजून ११० शिल्लक असेल, तिथे २८ तारखेपर्यंत थांबता येतं. पाणी कमी असेल तर आधी कुठल्या तुकड्याला द्यायचं, हे वहीच सांगते.

देताना पूर्ण साठा भरायचा अट्टहास नको. तुषार संचाने ३० मिलिमीटर दिलं तरी दाणा भरतो. त्यासाठी एकराला सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात काठोकाठ १९ लाख लिटरहून थोडं अधिक मावतं. बाष्पीभवन आणि गळती धरूनही दहा-बारा एकरांना पाण्याची एक पाळी त्यात बसते.

पाणीच नसेल तर? कोळपं, म्हणजे ओळींमधली माती वरवर मोकळी करणारं औत, धरा. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हणतात ते खरं आहे. वरच्या भेगा मोडल्या की खालची ओल उडायची थांबते, शिवाय तण जातं. मात्र पीक फुलात आल्यावर रानात कोळपं घालू नका, मुळं तुटतात. त्या वेळी पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५ दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. त्याने पाणी दिल्यासारखं होत नाही. चार-सहा दिवस काढायला मदत होते, इतकीच अपेक्षा ठेवा.

पाऊस जास्त झाला तर

सलग झडीत दोन गोष्टी होतात. मुळांना हवा मिळत नाही, मुळांवरच्या नत्राच्या गाठी काम थांबवतात, पानं पिवळी पडतात. आणि आठ-आठ दिवस सूर्यच दिसत नाही, त्यामुळे पानं अन्न कमी तयार करतात. दुसऱ्यावर आपला इलाज नाही, पहिल्यावर आहे, पण तो पेरणीआधी करावा लागतो. रुंद वरंबा सरी यंत्राने पेरलं तर पिकाच्या चार तासांमागे, म्हणजे ओळींमागे, सरी पडते. झडीत ती पाणी बाहेर काढते आणि उघडिपीत तिच्यातलीच ओल कामी येते. शिवाय बियाणं एकरी २०-२२ किलोवर भागतं. यंत्र नसेल तर पीक महिन्याचं झाल्यावर कोळप्याला दोरी गुंडाळून दर चार तासांनंतर एक सरी पाडून घ्या. सरीचं तोंड बांधाशी अडलेलं नाही ना, हे भर पावसात टोपलं डोक्यावर घेऊन एकदा फिरून बघाच.

पाणी निघून वापसा आल्यावरच खताची किंवा औषधाची फवारणी करा. चिबडलेल्या रानात पिवळं पीक बघून युरिया फेकणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं, अगदी शब्दशः.

काढणीच्या वेळचा पाऊस हे वेगळंच दुखणं आहे. सगळं सोयाबीन एकाच वाणाचं आणि एकाच आठवड्यात पेरलेलं असलं की एक पाऊस सगळं नेतो. दोन वाण ठेवा, एक नव्वद दिवसांच्या आसपासचा आणि एक शंभराच्या पुढचा. कापलेलं सोयाबीन बांधावरच्या उंच जागी गंजी लावून ताडपत्रीने झाका, आणि ताडपत्री गणपतीच्या आतच घरात आणून ठेवा. ढग आल्यावर बाजारात तिचा भाव विचारू नये.

रब्बीत हिशेब उन्हाचा

रब्बीत ओल बहुधा ठरलेली असते, परतीच्या पावसाने जेवढी दिली तेवढी. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' ही म्हण कोरडवाहू ज्वारी-हरभऱ्याचीच. पुढे उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, ठरवते ती थंडी.

गव्हाचं उदाहरण घ्या. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून दोनने भागा, त्यातून पाच वजा करा. ती त्या दिवसाची पिकाला मिळालेली उष्णता. कमाल ३०, किमान १४ असेल तर १७ येते; कमाल ३४, किमान १७ झालं तर साडेवीस. दाणा भरायला ठरावीक उष्णतेची बेरीज लागते. पहिल्या हवेत ती चाळीस दिवसांत पूर्ण होत असेल तर दुसऱ्या हवेत तेहेतीस दिवसांतच होते. पीक लवकर पिकलं म्हणून आनंद मानू नका. दाण्यात पीठ भरायचे सात दिवस गेले. याशिवाय ताप तिशीच्या पार गेला की दाणा भरण्याचं कामच मंदावतं, आणि रात्री उबदार असल्या की दिवसा कमावलेलं रात्री श्वासात जळतं. त्यामुळे किमान तापमान लिहायला विसरू नका, बहुतेक जण फक्त दुपारचं ऊन लिहितात.

२०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला. फेब्रुवारीत १११ दशलक्ष टनांच्या पुढे धरलेला गव्हाचा अंदाज मे महिन्यात १०६ वर आणावा लागला, आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. उत्तरेत तेव्हा दाणा भरत होता. आपल्याकडे ऊन महिनाभर आधी चढतं, म्हणून बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणं हाच उष्णतेवरचा सगळ्यात स्वस्त उपाय. सोयाबीन उशिरा निघालं, रान उशिरा मोकळं झालं आणि १५ डिसेंबर उलटला, तर गव्हाचा नाद सोडलेला बरा. पाण्याच्या पाळ्यांत मुकुटमुळं फुटतानाची, म्हणजे १८ ते २१ दिवसांची पाळी चुकवू नका. दाणा भरताना ऊन चढलं तर संध्याकाळी, वारा पडल्यावर हलकं पाणी द्या. वाऱ्यात दिलं तर गहू लोळतो.

हरभऱ्याला फुलांत असताना तिशीपलीकडचं ऊन सोसत नाही, फुलं वांझ जातात. कोरडवाहू असेल तर ऑक्टोबरच्या मध्याला, ओल वर आहे तोवर पेरा. बागायती असेल तर फुलोऱ्याच्या आधी एक आणि घाटे भरताना एक पाणी पुरे. जास्त दिलं तर तो माजतो, नुसता पाला होतो, आणि भारी रानात मर रोगही लागतो.

रब्बी ज्वारीत वाण जमिनीप्रमाणे घ्यायचा हे राहुरीच्या विद्यापीठाने सोपं करून ठेवलंय: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. तुम्ही उन्हाळ्यात घेतलेले खड्डे इथेही कामाला येतात.

मागच्या वर्षांचा पाढा मांडा

आता वही उलटी वाचायची. आडतीच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, बाहेर काढा, घरी ठेवलेलं बी आणि मजुरीत दिलेलं धान्य मिळवा, आणि दर वर्षाचा एकरी उतारा क्विंटलमध्ये लिहा. शेजारी चार रकाने पाडा: पेरणीची तारीख, फुलोऱ्याच्या वीस दिवसांतला पाऊस, शेंग ते दाणा या तीस दिवसांतला पाऊस, आणि काढणीच्या दहा दिवसांतला पाऊस. जुन्या वर्षांचा स्वतःचा पाऊस नसेल तर मंडळाचा घ्या आणि त्याला वेगळ्या शाईने लिहा. पाचव्या रकान्यात पावसाशी संबंध नसलेलं काही घडलं असेल तर तेही लिहा: पिवळा मोझॅक रोग, रानडुकरं, वाण बदलला, उगवण फसली. हा रकाना रिकामा सोडला तर पुढे सगळा दोष पावसाच्या माथी जातो. २०२३ लाही कोरड्या ऑगस्टसोबत मोझॅक होताच.

सहा-सात वर्षं मांडली की चांगल्या आणि वाईट वर्षांवर खुणा करा. बहुतेकांच्या हलक्या तुकड्यात उतारा तिसऱ्या रकान्याबरोबर वर-खाली होताना दिसेल आणि भारी, खोलगट तुकड्यात चौथ्या रकान्याबरोबर. तसं दिसलं तर हलक्या रानात लवकर निघणारा वाण घ्या, शेततळ्याचं पाणी आधी तिथे जाऊ द्या. भारी रानात यंत्राने सरी पाडा, सोयाबीनमध्ये तुरीचे तास घाला, पण तुंबणारा कोपरा तुरीसाठी सोडून. आणि दोन्ही तुकड्यांत कुठल्याच रकान्याचा मेळ बसत नसेल, तर यंदा पावसाआधी माती तपासून घ्या.